चौदा लॅपटॉप आणि एकच मॅक ॲड्रेस : अभ्यासिकेच्या नेटवर्कच्या नोंदी

७ जून २०२५

मंडळाने अभ्यासिकेसाठी घेतलेले चौदा रिफर्बिश्ड लॅपटॉप आले एकदाचे. सगळे स्लिम मॉडेल, दिसायला झकास, आठ जीबी रॅम, एसएसडी, पण एकालाही लॅन पोर्ट नाही. वायफायवर सोडून देता आले असते पण संध्याकाळी सहानंतर तिथे पन्नासेक पोरं बसतात, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, राउटर एकच, त्यात जुन्या वाड्याच्या दोन-दोन फुटी भिंती, त्यामुळे लॅपटॉप केबलवरच घ्यायचे असं सरांशी बोलून ठरवलं. सोळा पोर्टचा साधा स्विच कपाटात पडूनच होता. यूएसबीला लावायचे लॅन डोंगल मागवायला सांगितले तर अध्यक्षांनी ओळखीतून सगळ्यात स्वस्त मिळाले ते पंधरा उचलून आणले, वर कंपनीचं नाव नाही, मॉडेल नंबर नाही, नुसतं १०/१०० छापलेलं. म्हटलं ठीक आहे, पीडीएफ वाचायच्यात आणि टेस्ट सिरीज सोडवायचीय, रॉकेट सोडायचं नाहीये.

एका मशीनवर लिनक्स मिंट २२ टाकून सगळं सेट केलं, मराठी टायपिंग, ब्राउझर, ऑफिस वगैरे, आणि क्लोनझिलाने (डिस्कची हुबेहूब नक्कल काढणारं सॉफ्टवेअर) इमेज काढली. ती बाकीच्या तेरांवर उतरवायची आणि होस्टनेम म्हणजे मशीनचं नाव तेवढं बदलायचं, टेबल-०१ ते टेबल-१४.

१४ जून

इमेज उतरवून झाल्या, केबल ओढून झाल्या. दोन पोरांनी क्रिम्पिंगला मदत केली, त्यातल्या एकाचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. प्रत्येक लॅपटॉप एकेक करून चालू केला, नेट लागलं, पेज उघडलं, बंद केला, पुढचा घेतला. सगळे पास.

१५ जून, रविवार

आज उद्घाटन म्हणजे नारळ फोडून पोरांना बसवलं, आणि दहा मिनिटांत गोंधळ. एकाचं पेज उघडतंय, शेजारच्याचं अडकलंय, मग त्याचं सुटतं आणि याचं अडकतं. 'कनेक्शन रीसेट' असा मेसेज तर सगळ्यांनाच येत होता. टेस्ट सिरीजचं लॉगिन होऊन पेपर सुरू व्हायच्या आत बाहेर फेकतंय. केबलवाल्याच्या नावाने बोंब सुरू झाली, पण मोबाईल वायफायवर मस्त चालत होते, म्हणजे लाइनचा काही दोष नाही. स्विच खराब म्हणावा तर दोनच लॅपटॉप डायरेक्ट राउटरला लावून पाहिले, तिथेही तेच. एकच लावला की लोण्यासारखं.

दोघांवर राउटरला पिंग (समोरून उत्तर येतंय का बघणारी कमांड) लावून बाजूबाजूला ठेवले. डावीकडच्याचे रिप्लाय येत राहतात, उजवीकडचा थांबतो, मग उजवीकडे येऊ लागतात आणि डावीकडचा थांबतो. हे बघितल्यावर कुठे पाणी मुरतंय त्याचा अंदाज आला. राउटरच्या पेजवर डीएचसीपी (मशीनना आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता वाटणारी सोय) क्लायंटची यादी उघडली. तिथे चौदा ओळी पाहिजेत, होती एक. रिफ्रेश केलं की त्या ओळीतलं नाव बदलायचं, आत्ता टेबल-०३, पुन्हा दाबलं की टेबल-११. आयपी तोच, आणि मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता, तोही तोच.

मग टर्मिनल उघडून इंटरफेसचं नाव पाहिलं. उबुंटू-मिंटमध्ये यूएसबी लॅनच्या नावातच मॅक असतो, ईएनएक्स आणि पुढे बारा अक्षरं. टेबल-०१ वर ईएनएक्स००ई०४सी५३४४५८. टेबल-०२ वर तेच. शेवटच्या टेबलापर्यंत तेच. पंधराच्या पंधरा डोंगल एका मॅकचे.

हा मॅक गूगल केला तर जगभर लोक याच्यावर वैतागलेत. ००:ई०:४सी हा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) आयट्रिपलईच्या, म्हणजे कंपन्यांना असे प्रीफिक्स वाटणाऱ्या संस्थेच्या यादीत रिअलटेकच्या नावावर आहे, पण या डोंगलमधली चिप त्यांची नाही, एलएसयूएसबीत (जोडलेल्या यूएसबी वस्तू दाखवणारी कमांड) डीएम९६०१ फास्ट इथरनेट ॲडॅप्टर असं दिसतं, आयडी ०एफई६:९७००. कोणीतरी स्वस्तातली चिप काढली, दुसऱ्याचा प्रीफिक्स उचलला, आणि मागचे तीन बाइट सगळ्यांना सारखेच ठोकले. ते तीन बाइट आस्कीत (आकड्यांची अक्षरं करायचा तक्ता) वाचले तर एस, डी, एक्स होतात. एका प्रीफिक्सखाली १,६७,७७,२१६ पत्ते बसतात हो, त्यातले पंधरा वेगळे द्यायला काय जात होतं.

१६ जून

काल रात्री पोरांना घरी पाठवलं आणि आज नीट विचार करून लिहितोय, कारण सरांना समजावून सांगायचंय की चौदा वस्तू एकेकट्या चांगल्या असून एकत्र का चालत नाहीत.

स्विच काय करतो, कुठल्या पोर्टवरून कुठल्या मॅकची फ्रेम आली ते लक्षात ठेवतो, आणि त्या मॅकला काही आलं की त्याच पोर्टवर ढकलतो. एका मॅकसमोर एकच पोर्ट. टेबल-०१ ने काही पाठवलं की स्विच म्हणतो हा मॅक पोर्ट १ वर आहे, लगेच टेबल-०२ ने पाठवलं की म्हणतो नाही नाही, पोर्ट २ वर आलाय. म्हणजे ज्याने शेवटी तोंड उघडलं त्याला सगळ्यांचा माल. एकाच सातबाऱ्यावर चौदा जणांनी नाव लावून घेतल्यासारखं, तलाठ्याकडे शेवटी जो जाऊन आला त्याचं शेत.

वर डीएचसीपीसुद्धा मॅक बघूनच आयपी देतो, त्यामुळे सगळ्यांना आयपीही तोच. याने अजून वाट लागते. टेबल-०१ ने साइट उघडली, उत्तर चुकून टेबल-०२ ला गेलं, टेबल-०२ बघतो की आयपी तर माझाच आहे पण असलं कनेक्शन मी उघडलंच नव्हतं, मग तो इमानदारीत सर्व्हरला रीसेट पाठवून देतो. सर्व्हर कनेक्शन तोडतो आणि टेबल-०१ वर बसलेली मुलगी म्हणते सर माझा पेपर गेला. कालचे ते सगळे रीसेट इथून येत होते.

आणि आयपी कॉन्फ्लिक्टची सूचना का आली नाही, हा प्रश्न सरांनी विचारलाच (सर गणिताचे आहेत, सोडत नाहीत). तर कॉन्फ्लिक्ट ओळखताना मशीन एवढंच बघतं की माझा आयपी दुसऱ्या कुठल्या मॅकवरून कोणी सांगतंय का. इथे दुसरा मॅकच नाही. समोरून आलेलं उत्तर आपलंच वाटतं, तक्रार कशाची करणार.

डोंगल परत करायचा प्रयत्न झाला. दुकानदार म्हणाला, साहेब लावून बघितला, चालतोय की. एक लावून बघितला तर चालतोच!

आता दोन रस्ते, नवीन चांगले डोंगल घेणे किंवा मॅक सॉफ्टवेअरने बदलणे. अध्यक्षांनी पैशाचं नाव काढताच विषय बदलला, म्हणजे दुसरा रस्ता.

१८ जून

पत्ते ठरवले. मनाला येईल तो आकडा टाकून चालत नाही, ही गोष्ट लोक बऱ्याचदा सोडून देतात म्हणून इथे लिहून ठेवतो.

मॅक म्हणजे ४८ बिट, सहा बाइट. पहिल्या बाइटमधले उजवीकडचे दोन बिट खास आहेत. सगळ्यात उजवीकडचा शून्य असेल तर पत्ता एका मशीनचा, एक असेल तर ग्रुपचा म्हणजे मल्टिकास्ट. मशीनला ग्रुपचा पत्ता देता येत नाही, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा सरळ नकार देतो. त्याच्या डावीकडचा बिट शून्य असेल तर पत्ता कंपनीने आयट्रिपलईच्या हिशोबाने दिलेला, एक असेल तर इथल्या माणसाने लोकली ठरवलेला. म्हणजे आपल्याला या दोनपैकी डावा बिट एक आणि उजवा शून्य असा बाइट पाहिजे. सोपी खूण अशी की मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असलं पाहिजे. या चारपैकी काहीही घ्या, कंपन्यांच्या रीतसर पत्त्यांशी सहसा टक्कर होत नाही.

हे काही हॅकरलोकांनी शोधलेलं नाही, सोय जुनीच आहे. ८० च्या दशकातलं डेकनेट फेज फोर (डेक कंपनीची नेटवर्क पद्धत) तर कार्डाचा मॅक बदलूनच चालायचं, एए:००:०४:०० पुढे नोड नंबरावरून काढलेले दोन बाइट. एएचं दुसरं अक्षर बघा, ए, बरोबर बसतं. क्यूईएमयू या सॉफ्टवेअरची व्हर्च्युअल मशीनं (मशीनच्या आत चालणारी नकली मशीनं) ५२:५४:०० वापरतात, तिथेही दुसरं अक्षर २. आर्डुइनो या शिकाऊंच्या छोट्या बोर्डाच्या इथरनेटच्या उदाहरणांत डीई, एडी, बीई, ईएफ, एफई, ईडी असा मॅक कोडमध्येच लिहिलेला असतो कारण त्या शील्डच्या (वर बसवायच्या नेटवर्क बोर्डाच्या) चिपमध्ये स्वतःचा पत्ता नसतो, तोही नियमात बसतो. आता दोन पोरांनी तोच कोड कॉपी मारून एकाच नेटवर्कवर दोन बोर्ड लावले की परवाचाच तमाशा, ते वेगळं.

आमची पद्धत अशी. ०२:एबी:०१:००:०० आणि शेवटी टेबल नंबर. ०२ नियमासाठी, एबी अभ्यासिकेचं, ०१ म्हणजे पहिला हॉल, उद्या वरचा मजला मिळाला तर ०२. टेबल १० ला हेक्सच्या (सोळाच्या पायाच्या मोजणीच्या) हिशोबाने ०ए यायला पाहिजे पण मी सरळ १० लिहिलंय, मशीनला तो सोळा वाटतो, वाटू दे, टेबलावरच्या स्टिकरशी जुळणं जास्त महत्त्वाचं. ०२:४२ ने सुरू करायचं मुद्दाम टाळलं कारण डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) बरीच वर्षं आपल्या कंटेनरना तसले पत्ते द्यायचा आणि पुढेमागे कोणी डॉकर शिकायला घेतलं तर उगाच शोधाशोध नको.

२१ जून

बदलायला सुरुवात. आधी टेबल-०१ वर हाताने करून पाहिलं, आयपी लिंक कमांडने इंटरफेस डाउन, नवा पत्ता सेट, परत अप. डाउन करणं गरजेचं का, तर बरेच ड्रायव्हर चालू इंटरफेसवर पत्ता बदलू देत नाहीत, 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणतात. लगेच चाललं. राउटरच्या यादीत दुसरी ओळ आली तेव्हा बरं वाटलं.

पण हे टिकत नाही. डोंगल काढून लावला की गेलं, रीस्टार्ट केलं की गेलं. कारण आपण चिपच्या पोटातला पत्ता बदलतच नाही, ड्रायव्हर चालू असताना वापरायचा पत्ता तेवढा बदलतो. मूळचा बघायचा असेल तर इथटूल कमांडला कॅपिटल पी देऊन विचारायचं, तो पर्मनंट ॲड्रेस सांगतो, आणि तिथे अजून ते ५३:४४:५८ बसलेलंच आहे. काही कार्डांत ईईप्रॉममध्ये (कार्डावरची कायमची मेमरी) कायमचा लिहिताही येतो, पण शंभर-दीडशेच्या डोंगलच्या ईईप्रॉमशी खेळायची हौस नाही, बिघडला तर परत अध्यक्षांकडे जावं लागेल.

कायमचं करायला मिंटमध्ये नेटवर्क मॅनेजर आहेच. नेटवर्क कनेक्शन्स उघडायचं, वायर्ड कनेक्शन एडिट करायचं, इथरनेट टॅबमध्ये 'क्लोन्ड मॅक ॲड्रेस' नावाचा रकाना आहे, तिथे पत्ता टाकून सेव्ह. त्याच रकान्यात प्रिझर्व्ह, पर्मनंट, रँडम, स्टेबल असेही पर्याय येतात आणि चौदा ठिकाणी हाताने टाइप करण्यापेक्षा स्टेबल निवडून मोकळं व्हावं असं कोणालाही वाटेल. आमच्याकडे ते चाललं नसतं. स्टेबल काय करतो, कनेक्शनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), इंटरफेसचं नाव आणि मशीनवरची एक गुप्त किल्ली यांच्यावरून पत्ता काढतो, आणि आमच्या सगळ्या मशीन एका इमेजमधून निघालेल्या, म्हणजे यूयूआयडी तोच, किल्लीची फाइल तीच, इंटरफेसचं नाव तर डोंगलच्या कृपेने तेच. चौदा मशीनना पुन्हा एकच नवा मॅक मिळाला असता. रँडम घेतला तर दर वेळी कनेक्ट होताना नवा पत्ता, राउटरच्या दृष्टीने रोज चौदा नवे पाहुणे, डीएचसीपीचा पूल भरत जाणार आणि कोण कुठलं ते कळणार नाही.

म्हणून छोटी स्क्रिप्ट केली. होस्टनेममधले शेवटचे दोन आकडे घ्यायचे, ते आमच्या पत्त्याच्या शेवटी चिकटवायचे आणि एनएमसीएलआय या नेटवर्क मॅनेजरच्या कमांडने त्या कनेक्शनमध्ये क्लोन्ड मॅक टाकून कनेक्शन खाली-वर करायचं. पेनड्राइव्हवर घेऊन एकेका टेबलावर चालवली. हात लागलाच होता तर मशीन आयडी आणि ती किल्लीची फाइलही प्रत्येकावर नवीन करून घेतली. इमेज उतरवलेल्या मशीनवर हे करावंच, आज नाही तर उद्या नडतं.

कनेक्शन मुद्दाम त्या ईएनएक्सवाल्या इंटरफेसलाच बांधून ठेवलंय. उद्या एखाद्या टेबलाला धड डोंगल मिळाला तर त्याचं इंटरफेस नाव वेगळं असेल, हे कनेक्शन त्याला लागू होणार नाही आणि तो स्वतःच्या खऱ्या मॅकवर चालेल. म्हणजे नंतर कोणाला काही पुसत बसावं लागणार नाही.

संध्याकाळी चौदाही एकदम चालू केले. यादीत चौदा ओळी. मग प्रत्येकाला आयपी रिझर्व्ह करून टाकला, टेबल ७ ला शेवटी १०७ असा.

२२ जून

ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे (त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, ते एक वेगळं प्रकरण) आणि पंधरावा डोंगल त्यालाच लावलाय. तिथे डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ॲडॅप्टर्स, त्या डोंगलच्या प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड टॅब, 'नेटवर्क ॲड्रेस'. व्हॅल्यू निवडून बारा अक्षरं सलग टाकायची, मध्ये कोलन नाही, डॅश नाही. काही ड्रायव्हरमध्ये याच गोष्टीला 'लोकली ॲडमिनिस्टर्ड ॲड्रेस' म्हणतात. ओके केल्यावर ॲडॅप्टर स्वतःच बंद-चालू होतो. नंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये गेटमॅक मारून खात्री केली.

ॲडव्हान्स्डमध्ये तो पर्याय नसेल तर रजिस्ट्रीत त्या ॲडॅप्टरच्या की खाली नेटवर्कॲड्रेस नावाची स्ट्रिंग बनवून तेच करता येतं, पण ड्रायव्हरने ती वाचली तरच उपयोग. आणि विंडोजवर वायफाय कार्डाचा मॅक बदलायचा असेल तर दुसरं अक्षर २, ६, ए, ई पैकीच लागतं, नाहीतर सेट केल्यासारखं दिसतं आणि मॅक जुनाच राहतो. कित्येकजण इथेच अडकतात आणि कार्डाला शिव्या देतात.

स्पीडबद्दल तक्रार आली. लिंक १०० दाखवते पण एलएसयूएसबीचा ट्री काढला तर डोंगल १२ एमवर बसलाय, यूएसबी १.१ चा वेग. म्हणजे खोक्यावरचं १०/१०० हे फक्त केबलच्या बाजूचं, लॅपटॉपच्या बाजूने गळा आवळलेलाच. ४८० पीचं लेक्चर चालतं, त्याच्यावर मागू नका.

२९ जून, रविवार

काल रात्री वीज कडाडली आणि राउटर गेला. ओएनयू (फायबरची लाइन जिथे येते तो डबा) वाचला. घरी माझा एक जुना राउटर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) टाकून पडलेला, तो आणून लावला, तर वॅनला म्हणजे राउटरच्या बाहेरच्या, केबलवाल्याकडच्या बाजूला आयपीच येईना. कारण आमच्या केबलवाल्याकडे मॅक बाइंडिंग आहे, युजरनेम-पासवर्ड काही नाही, आधी लावलेल्या राउटरचा मॅक त्यांच्या सिस्टीममध्ये नोंदवलेला, दुसरा मॅक आला की दार बंद. फोन लावला, दादा म्हणाला आज ऑफिस बंद, उद्या बदलून देतो. म्हटलं तोपर्यंत जुन्याचा मॅक क्लोन करून चालवू का, तर म्हणाला करा की, आम्हीच करतो बऱ्याच ठिकाणी.

मेलेल्या राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर मॅक होता, शेवट ९एफ. ओपनडब्ल्यूआरटीत नेटवर्क, इंटरफेसेस, डिव्हाइसेस टॅब, वॅनचं डिव्हाइस कॉन्फिगर, मॅक ॲड्रेस, तिथे टाकला (२१.०२ व्हर्जनपासून हे डिव्हाइसच्या खाली गेलंय, त्याआधी इंटरफेसमध्येच असायचं). आयपी नाही. मग आठवलं की बऱ्याच घरगुती राउटरमध्ये स्टिकरवरचा मॅक लॅनच्या बाजूचा असतो आणि वॅनचा त्याच्या एक पुढचा. ९एफच्या पुढचा ए०. तो टाकला, ओएनयू पाच मिनिटं बंद ठेवून चालू केला, आला आयपी.

बंद ठेवायचं एवढ्यासाठी की पलीकडच्या बाजूला जुन्या नोंदी असतात, त्या सुटायला थोडा वेळ द्यावा लागतो. आणि जुना राउटर रिपेअर होऊन आला तर हा क्लोन चालू असताना तो याच लाइनवर लावू नये, परत दोघांचा एक मॅक होईल. नेहमीच्या बाजारातल्या राउटरमध्ये हेच 'मॅक क्लोन' नावाच्या पेजवर असतं.

टेबलांना काही फरक पडला नाही, त्यांचा मॅक राउटरच्या आतल्या बाजूला राहतो, केबलवाल्याला फक्त वॅनचा दिसतो. रिझर्वेशन तेवढी नवीन राउटरवर परत टाकली.

१ जुलै

केबलवाल्याने नवीन राउटरचा खरा मॅक नोंदवला. क्लोन काढून टाकला. गरज संपली की मूळ पत्त्यावर यावं, नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी राउटर बदलतं, स्टिकर वाचून केबलवाल्याला सांगतं आणि काहीच जुळत नाही.

५ जुलै

पोरांच्या वायफायचा प्रश्न. आधी इथे कोणीतरी मॅकची व्हाइटलिस्ट (यादीतल्या मॅकलाच आत घ्यायचं) करून ठेवलेली, रजिस्टरमध्ये नाव, मोबाईल, मॅक, फी भरल्याची तारीख असे रकाने. नव्या राउटरवर ती यादी चढवावी असा सरांचा आग्रह. मी नाही म्हटलं, आणि थोडा वाद झाला.

माझं म्हणणं असं. अँड्रॉइड १० पासून (२०१९) फोन वायफायला जोडताना बाय डीफॉल्ट स्वतःचा खरा मॅक सांगतच नाही, त्या वायफायच्या नावापुरता एक बनवलेला सांगतो. आयफोन आयओएस १४ पासून (२०२०) तेच करतो, आणि आयओएस १८ मध्ये तर फिक्स्ड ठेवायचा की फिरता ठेवायचा असे पर्याय देतो. म्हणजे पोरगं सेटिंगमध्ये जाऊन जो मॅक वाचून रजिस्टरमध्ये लिहितं तो बऱ्याचदा दुसराच असतो, मग यायचं आणि म्हणायचं सर फी भरली तरी नेट नाही. फोनवाल्यांनी हे मुद्दाम केलंय, मॉलमध्ये आणि स्टेशनवर मॅकवरून माणूस कुठे कुठे फिरला ते टिपता यायचं म्हणून.

दुसरं म्हणजे व्हाइटलिस्ट हे कुलूपच नाही. वायफायला पासवर्ड असला तरी हवेतून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर मॅक उघडा लिहिलेला असतो, एनक्रिप्शन आतल्या मजकुराचं होतं. ज्याला घुसायचंय तो दोन मिनिटं ऐकतो, आत असलेल्या कोणाचातरी मॅक उचलतो आणि स्वतःच्या कार्डाला लावतो. आपण चौदा टेबलांना जे केलं तेच. सरांना टेबल-०५ वर बसवून तिथल्यातिथे मॅक बदलून दाखवला तेव्हा म्हणाले, मग याचा उपयोग काय? म्हटलं, नेटवर्कवर दोन जण वेगळे दिसावेत एवढाच, माणूस ओळखायला नाही.

व्हाइटलिस्ट काढली. डब्ल्यूपीए२ पासवर्ड, दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचा, फी भरली की काउंटरवर सांगायचा. पासवर्ड बाहेर फुटणारच, पण महिन्यापुरताच.

१२ जुलै

टेबल ९ च्या मुलाने विचारलं, दादा हे बेकायदेशीर नाही का, मोबाईलचा नंबर बदलला तर पोलीस धरतात म्हणे. तो आयएमईआयबद्दल बोलत होता. ते वेगळं, आयएमईआयशी छेडछाड करायला केंद्राच्या नियमांनी बंदी आहे. आयएमईआय मोबाईल नेटवर्कपुढे हँडसेटची ओळख असते. मॅक आपल्या लॅनच्या पुढे जातच नाही, पहिल्या राउटरला संपतो, आणि स्वतःच्या मशीनचा लोकली ठरवायची जागा स्टँडर्डमध्येच ठेवलेली आहे. पण दुसऱ्याचा मॅक लावून फुकट नेट वापरणं ही चोरीच, तिथे पत्ता बदलला हा मुद्दा नसून कोणाचा घेतला हा आहे, असं सांगितलं. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, वहीत लिहून घेतलं त्याने.

त्याच मुलाने घरी मॅकचेंजर हे मॅक बदलायचं सॉफ्टवेअर टाकलाय. टाकताना ते विचारतं की प्रत्येक वेळी केबल लावली की आपोआप बदलू का, तिथे नाही म्हण असं सांगितलं, नाहीतर घरचं नेट का गेलं ते शोधत बसेल.

२० जुलै

शिल्लक कामं. स्विच भरला, चौदा टेबल, ऑफिस आणि राउटर, एकही पोर्ट रिकामा नाही, पुढचं टेबल वाढलं तर आधी स्विच. पत्त्यांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय, स्क्रिप्टची पेनड्राइव्ह त्याच कपाटात. टेबल ४ चा डोंगल हलवला की सुटतो, पोर्ट ढिला आहे, त्याला गणपतीच्या वर्गणीतून धड गिगाबिटचा डोंगल मिळेल असं अध्यक्ष म्हणालेत. आला की पॅकिंग फोडायच्या आधी त्यावरचा मॅक वाचायचा, आणि दोन आले तर दोन्हीचे वाचायचे.